नळीला दिशा असते

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाने बेळगावच्या शहापुरातली आमची गल्ली नुकतीच धुऊन निघाली होती, तेव्हा शेजारची मुलगी ओढणीखाली लॅपटॉप झाकून आमच्याकडे आली. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने अणुभट्टीतली प्रेशर ट्यूब, म्हणजे इंधन पोटात धरून दाबाखालचे गरम पाणी वाहू देणारी नळी, निवडली होती, आणि हा विषय माझ्या पदव्युत्तर शिक्षणाचा होता हे तिला तिच्या वडिलांकडून कळले होते. पडद्यावर एक आडवी नळी होती. मधोमध लालभडक आणि टोकांकडे पिवळी, हिरवी होत निळी पडलेली. "काका, हे बघा की. नळी किती दाबाला फुटेल ते काढलंय, पण प्रयोगाच्या आकड्यापेक्षा माझा आकडा कमीच येतोय." मी तिला पदार्थाच्या गुणधर्मांची चौकट उघडायला सांगितली. लवचिकतेचा गुणांक, प्वासाँचे गुणोत्तर आणि यील्ड स्ट्रेस (ज्या ताणाला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो तो) एवढे तीन आकडे तिने भरले होते आणि बाकीचे सगळे रकाने रिकामे होते. त्यानंतर तिने सांगितलेली गोष्ट मात्र माझ्या मनातून अजून गेलेली नाही. प्रकल्प तपासणाऱ्यांनी तिला यील्डचा आकडा थोडा थोडा वाढवत जायला आणि उत्तर जुळले की थांबायला सांगितले होते.

उत्तर जुळत नव्हते याचे मला वाईट वाटले नाही, उलट आनंदच झाला. तिने घेतलेला यील्डचा आकडा नळीच्या लांबीच्या दिशेने कापलेल्या टेस्ट पीसचा, म्हणजे ओढून तोडायच्या नमुन्याचा, होता, आणि आतल्या दाबाने नळी फुटते ती परिघाच्या दिशेच्या ताणामुळे. झिरकोनियम-निओबियम मिश्रधातूची प्रेशर ट्यूब परिघाच्या दिशेने अधिक बळकट असते, म्हणून लांबीचा आकडा घेऊन केलेले भाकीत कमी येणारच. तिच्या पडद्यावरची तफावत ही त्या धातूची खरी ओळख होती, आणि तीच पुसून टाकण्याचा सल्ला तिला मिळाला होता. वाढवलेल्या यील्डने फुटण्याचा दाब जुळला असता. पण तीच नळी लांबीच्या दिशेने किती सोसेल, याचे उत्तर त्याच आकड्याने बिघडले असते, आणि ते बिघडले आहे हे कोणालाही कळले नसते.

उद्यमबागेत जिथे माझी टेस्टिंग लॅब आहे तिथे या सवयीचे मूळ मला समजते. बेळगावचा हात ओतकामावर बसलेला आहे. फाउंड्रीतून कास्टिंगबरोबर ओतलेला टेस्ट बार येतो, त्यावर हीट नंबर, म्हणजे तो कोणत्या वितळीतला आहे त्याचा क्रमांक, ठोकलेला असतो, लेथवर त्याचा टेस्ट पीस होतो, यूटीएमच्या, म्हणजे ओढून तोडणाऱ्या चाचणीयंत्राच्या, जबड्यात तो तुटतो आणि सर्टिफिकेटवर एक आकडा जातो. करड्या ओतीव लोखंडाची तूट, म्हणजे तुटलेली बाजू, हातात घेतली तर ती सगळीकडून सारखीच दाणेदार दिसते, हिरमुसल्या रंगाची, आणि बार साच्यात उभा होता की आडवा हे ती तूट सांगत नाही. पंप, मोटारीची कवचे, हायड्रॉलिकचे भाग यांच्यासाठी तो एक आकडा बहुतेक वेळा पुरतो. पिढ्यान्पिढ्या असे काम केल्यावर धातू म्हणजे सर्व दिशांना सारखा असा समज हाताच्या सवयीत उतरतो, आणि कॉलेजातले सॉफ्टवेअरसुद्धा पहिली चौकट तशीच उघडून देते.

झिरकोनियमचा टेस्ट पीस हा समज पहिल्याच दिवशी मोडतो. विद्यार्थिदशेत झिरकॅलॉय या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या लाटलेल्या पत्र्याचे चपटे टेस्ट पीस मी तोडलेले आहेत. पोलादासारखाच चंदेरी, पण किंचित उबदार झाक असलेला हा धातू हातात हलका वाटतो, कारण त्याची घनता पाण्याच्या ६.५ पटींच्या आसपास आहे, लोखंडाची ७.९ पट. ओढताना यंत्रावरचा आलेख नेहमीसारखाच चढतो आणि त्यात काही वावगे दिसत नाही. नवल दिसते ते तुटल्यावर, दोन्ही तुकडे बोटांनी एकमेकांना भिडवून व्हर्नियर लावला की. रुंदी डोळ्यांना दिसेल इतकी आकसलेली असते आणि जाडी मात्र बरीचशी जिथल्या तिथे. गोल टेस्ट पीस असेल तर मान बारीक होताना गोल राहत नाही, ती लंबवर्तुळाकार होते. त्या लंबवर्तुळावरून अंगठा फिरवला की कोणतेही समीकरण न लिहिता कळते की या धातूच्या अंगात एक बाजू शरण जाते आणि दुसरी जात नाही.

कारण स्फटिकात आहे. झिरकोनियमचे अणू ८६३ अंश सेल्सियसपर्यंत षटकोनी मांडणीत राहतात. षटकोनाच्या पातळीतल्या दिशांना अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. षटकोनाच्या उभ्या अक्षाच्या दिशेने लांबणे किंवा आखूड होणे मात्र त्यांना अवघड जाते, आणि तेव्हा स्फटिकाला ट्विनिंगचा, म्हणजे आपला एक भाग आरशातल्या प्रतिमेसारखा उलटवण्याचा, आधार घ्यावा लागतो. लवचिकतेचा गुणांकही उभ्या अक्षावर सुमारे १२५ गिगापास्कल आणि आडव्या पातळीत सुमारे ९९ असतो. स्फटिक अस्ताव्यस्त विखुरलेले असते तर हे सगळे सरासरीत मिटले असते. पण नळी घडवताना धातू गरम असताना दाबून बाहेर काढतात, मग थंड अवस्थेत ओढतात, आणि या घडणीत कोट्यवधी स्फटिक एका कलाने उभे राहतात. प्रेशर ट्यूबमध्ये त्यांचे उभे अक्ष बहुतांशी परिघाच्या दिशेला वळलेले असतात. इंधनाच्या पातळ कवचनळीत, जिची घडण वेगळी असते, ते बरेचसे त्रिज्येच्या दिशेला कललेले असतात. धातू तोच, पण घडणीचा इतिहास वेगळा आणि म्हणून वागणेही वेगळे.

हे मॉडेलमध्ये आणायची पहिली पायरी सोपी आहे आणि जुनीही आहे. रॉडनी हिल यांनी १९४८ साली दिशेनुसार बदलणाऱ्या यील्डचे सूत्र मांडले, आणि आज प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळते; फक्त वेगवेगळ्या दिशांनी कापलेल्या टेस्ट पीसचे आकडे द्यावे लागतात. मी तिला तेवढेच सुचवले. मात्र हिलचे सूत्र ओढणे आणि दाबणे यांत फरक करत नाही, आणि ट्विनिंगमुळे झिरकोनियम दोन्हीत सारखे वागत नाही. त्यासाठी एकेका स्फटिकाचा कल मोजून, त्याच्या प्रत्येक घसरपातळीचा हिशेब ठेवून, हजारो स्फटिकांची बेरीज करणारी मॉडेले लागतात. लेबेन्सोन आणि तोमे यांनी १९९३ मध्ये मांडलेले बहुस्फटिकी मॉडेल याच वाटेवरचे आहे, आणि त्याची पहिली मोठी कसोटी झिरकोनियमवरच लागली. माझे मत असे आहे की विद्यार्थ्याने थेट तिथे उडी मारू नये. आधी व्हर्नियरने ती आकसलेली रुंदी मोजावी, हिलच्या सूत्राने ती पकडावी, ते सूत्र कुठे अपुरे पडते ते स्वतः पाहावे, आणि मगच स्फटिकांकडे जावे.

इतक्या अडचणीचा धातू वापरायचाच कशाला, हा प्रश्न तिच्या वडिलांनी चहा घेता घेता विचारला होता. उत्तर न्यूट्रॉनमध्ये, भट्टीतली साखळीक्रिया चालवणाऱ्या कणांत, आहे. झिरकोनियम मंद न्यूट्रॉन जवळजवळ गिळतच नाही, आणि तीनशे अंशांच्या पाण्यातही ते फारसे गंजत नाही. समुद्रकाठच्या वाळूतल्या झिरकॉन खनिजात त्याच्यासोबत हाफनियम नावाचे भावंड असते, रसायनात जवळपास जुळे, पण न्यूट्रॉन गिळण्यात शेकडो पट अधिक हावरे. म्हणून भट्टीच्या दर्जाचे झिरकोनियम करताना ते काटेकोरपणे वेगळे काढावे लागते. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये हे शुद्धीकरण आणि नळ्यांची घडण होत आली आहे. भारतातल्या जडपाण्याच्या जुन्या भट्ट्यांत प्रेशर ट्यूब झिरकॅलॉय-२ च्या होत्या. गुजरातेतल्या काक्रापारच्या दुसऱ्या भट्टीपासून अडीच टक्के निओबियमचा मिश्रधातू आला.

त्या नळ्यांपैकी काही आपल्या शेजारी आहेत.

खानापूर ओलांडून जोयड्याच्या रानातून कारवारकडे उतरले की काळी नदीच्या काठी कैग्याचे अणुवीजकेंद्र आहे. या रस्त्याने जाताना बेळगावच्या लोकांच्या बोलण्यात कैगा निघतेच, कधी अभिमानाने आणि कधी भीतीने, आणि दोन्ही वेळा मला त्या नळ्या डोळ्यांसमोर दिसतात. २२० मेगावॅटच्या प्रत्येक भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. प्रत्येकीच्या पोटात इंधनाचे १२ जुडगे, प्रत्येक जुडग्यात १९ काड्या. नळीची भिंत साडेतीन मिलिमीटरही जाड नसते, आणि तिच्यातून सुमारे अडीचशे अंशांनी आत येऊन तीनशेला टेकत बाहेर पडणारे जडपाणी मोठ्या दाबाने वाहत असते. कैग्याची पहिली भट्टी १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत ९६२ दिवस अखंड चालली, आणि तो तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. पुढे तो कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या भट्टीने मोडला, आणि तीही याच प्रकारची, आडव्या प्रेशर ट्यूबची आहे. भट्टी चालू असतानाच एका टोकाने नवे इंधन घालून दुसऱ्या टोकाने जुने काढता येते, हे या लांब पल्ल्याचे एक मोठे कारण. त्या बातमीचे पेढे वाटले गेले तेव्हा मला त्या ३०६ नळ्यांचे कौतुक वाटले, आणि त्या इतक्या दिवसांत किती लांबल्या असतील हेही मनात आले. न्यूट्रॉनच्या माऱ्याने झिरकोनियमचा स्फटिक उभ्या अक्षावर आकसतो आणि आडव्या पातळीत वाढतो. उभे अक्ष परिघाकडे असल्यामुळे नळी लांबीने वाढत जाते, कोणताही ओढ नसताना. ताणामुळे होणारा क्रीप, म्हणजे सततच्या ताणाखाली धातूचे हळूहळू ताणले जाणे, तिचा व्यास वाढवतो आणि वजनाने ती मध्ये झोळते. तिन्ही हालचाली अगदी संथ आहेत आणि तिन्ही दिशेच्या आहेत.

बळकटीपेक्षा काळजी करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती समजायला मला साखर कारखान्यातली एक आठवण उपयोगी पडते. गळीत हंगाम संपला की आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत बॉयलर उघडतात आणि नळ्या बदलायला फिटर येतात. माझे मामा त्यांच्यापैकी एक होते. ड्रमच्या भोकात नळी बसवून आतून एक्स्पांडर फिरवायचा, नळी फुगून भोकाला घट्ट बसेपर्यंत. मामा हाताला येणारा जोर आणि रोलरचा बदलता आवाज यांवरून थांबत, आणि नव्या मुलाला बजावत, "जास्त रोल करू नकोस, आज घट्ट बसेल पण उद्या चिरेल." प्रेशर ट्यूबची टोकेही अशीच रोल करून पोलादी एंड फिटिंगमध्ये बसवतात. १९७४ साली कॅनडातल्या पिकरिंगच्या तिसऱ्या भट्टीत निओबियमयुक्त नळ्या याच रोल केलेल्या सांध्यांजवळ गळू लागल्या. मर्यादेपलीकडे रोल केल्यामुळे नळीत मोठा अवशिष्ट ताण राहून गेला होता आणि त्या ताणाला हायड्रोजन येऊन मिळाला होता. बसवताना प्रत्येक नळी तपासणीत उत्तीर्ण झाली होती, आणि भेग पडायला कित्येक महिने लागले.

हायड्रोजनचे हे वागणे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहे. नमुना बेकेलाइटमध्ये बसवून, एमरी पेपरच्या वाढत्या नंबरांवर घासून, कापडावर आरशासारखा चकचकीत करून आम्लाच्या मिश्रणात क्षणभर बुडवतात. मग फिकट धातूत हायड्राइडच्या, म्हणजे हायड्रोजन आणि झिरकोनियमच्या संयुगाच्या, काळ्या रेघा उमटतात, भाताच्या लोंबीवरच्या कुसळांसारख्या, एकमेकींना जवळजवळ समांतर. त्या परिघाला धरून पसरलेल्या असतात तोवर फारसे भय नसते. परंतु गरम करून, परिघाच्या दिशेने ताण ठेवून तोच नमुना थंड केला तर काही रेघा वळून त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे भिंतीच्या आरपार, उभ्या राहतात. मला सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य तेच होते. रसायन तेच, हायड्रोजन तेवढाच, नळीही तीच. फक्त थंड होताना तिच्यावर ताण होता की नव्हता एवढ्यावर ती चिवट राहणार की ठिसूळ होणार हे ठरले होते.

पाण्याशी होणाऱ्या मंद गंजातून काही हायड्रोजन, आणि जडपाण्यात ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, नळीत शिरत राहतो. तीनशे अंशांच्या आसपास तो धातूच्या दहा लाख भागांत काही दहा भाग इतका विरघळून राहतो. खोलीच्या तापमानाला जवळजवळ काहीच विरघळत नाही. तो ताण असलेल्या जागेकडे आणि थंड जागेकडे सरकतो. नळीवर ओरखडा असला तर त्याच्या टोकाशी ताण साचतो, हायड्रोजन तिथे गोळा होतो, हायड्राइड होऊन बाहेर पडतो, ठिसूळ हायड्राइड चिरतो, भेग त्याच्या पलीकडच्या चिवट धातूत येऊन थांबते, आणि सगळे पुन्हा सुरू होते. भेग ताशी मिलिमीटरच्या लहानशा अंशाने, टप्प्याटप्प्याने पुढे जाते. डिलेड हायड्राइड क्रॅकिंग या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे हिला डीएचसी म्हणतात. डटन आणि पल्स यांनी १९७६ मध्ये तिचे पहिले गणिती मॉडेल मांडले, आणि तेव्हापासून हायड्रोजन नेमका कशामुळे ओढला जातो यावर वाद चालू आहे.

या भेगेची चाचणी करताना एका गोष्टीचे मला फार आश्चर्य वाटत आले आहे. समजा, चाचणी एका ठरलेल्या तापमानाला करायची आहे. नमुना आधी अधिक तापवून मग त्या तापमानापर्यंत उतरवला तर भेग पुढे सरकते. तोच नमुना खालून तापवत त्याच तापमानाला नेला तर, ते तापमान पुरेसे उंच असेल तेव्हा, भेग ढिम्म राहते. हायड्राइड धातूपेक्षा सतराएक टक्के अधिक जागा व्यापतो, म्हणून त्याला बाहेर पडायला आणि पुन्हा विरघळायला वेगवेगळी तापमाने लागतात. यूटीएमवरचा थर्मोकपल दोन्ही वेळा एकच अंश दाखवत असतो आणि लोड सेलवरचा भारही तोच असतो, तरी निकाल उलट. सर्टिफिकेटवर नुसते चाचणीचे तापमान लिहिले आणि तिथवर नमुना कसा आणला हे लिहिले नाही, तर ते सर्टिफिकेट अपुरे आहे असे मी म्हणेन, मग त्यावर किती शिक्के असोत.

पिकरिंगच्याच दुसऱ्या भट्टीत ऑगस्ट १९८३ मध्ये झिरकॅलॉय-२ ची एक नळी सुमारे दोन मीटर लांब फाटली. प्रेशर ट्यूबच्या बाहेर थंड कॅलँड्रिया ट्यूब असते आणि दोघींमध्ये अंतर राखायला गार्टर स्प्रिंग असतात. तिथे स्प्रिंग जागेवरून सरकली होती, झोळलेली गरम नळी थंड नळीला टेकली होती, आणि त्या थंड ठिपक्यांकडे हायड्रोजन धावून हायड्राइडचे फोड आले होते. भारतातही पुढच्या भट्ट्यांत दोन सैल स्प्रिंगांऐवजी चार घट्ट बसणाऱ्या स्प्रिंगा आल्या. एखाद्या नळीची बळकटी तपासून ही घटना कळली नसती. वाकणे, तापमान, हायड्रोजनचा प्रवास आणि भेग या चार गोष्टी एकत्र मांडणारे मॉडेलच ती आधी सांगू शकते. आणि मॉडेलला प्रश्नच विचारला नसेल तर तेही गप्प बसते. ११ मार्च २०१६ रोजी काक्रापारच्या पहिल्या भट्टीत नळी गळली तेव्हा नळ्यांच्या बाहेरच्या अंगावर, जिथे पाणी नसते फक्त वायू असतो, गंजाचे ठिपके सापडले.

म्हणून या नळ्यांबाबतचा भरवसा एका आकड्यावर टाकलेला नाही. दोन नळ्यांमधल्या वायूचा दवबिंदू सतत मोजतात; भेग भिंतीच्या आरपार गेली तर आधी ओल येते आणि भेग धोक्याच्या लांबीला पोहोचण्यापूर्वी भट्टी बंद करायला वेळ मिळाला पाहिजे, असा हिशेब असतो. त्या हिशेबाला भेगेचा वेग आणि धोक्याची लांबी हे दोन्ही लागतात, आणि हे दोन्ही माऱ्याने कडक झालेल्या, हायड्रोजन शोषलेल्या धातूचे लागतात. असा धातू हातात धरता येत नाही. ट्रॉम्बेच्या हॉट सेलमध्ये, म्हणजे किरणोत्सारी नमुन्यांसाठीच्या बंदिस्त खोलीत, शिसेयुक्त काचेआडून यांत्रिक हातांनी त्याचे लहान लहान टेस्ट पीस कापतात. नळीच्या भिंतीतून काढलेले, तिची वक्रता तशीच ठेवलेले छोटे सीटी स्पेसिमेन, म्हणजे भेग वाढवून पाहायचे खाचेचे तुकडे, किंवा दोन अर्धगोल मँड्रेलवर (आधाराच्या ठोकळ्यांवर) चढवून ओढायची अरुंद कडी. कडीच्या चाचणीत घर्षण आणि वाकणे दोन्ही मिसळतात, त्यामुळे यंत्राचा आलेख थेट वाचता येत नाही. त्या चाचणीचे मॉडेल आधी करून घर्षणाचा वाटा वजा करावा लागतो, तेव्हा कुठे धातूचा आलेख हाती येतो. शेजारच्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, आणि मग म्हणाली की म्हणजे मॉडेल चाचणीनंतर नाही, चाचणीच्या आतच लागते. तिने हिलचे सूत्र घालून, यील्डचा आकडा न छेडता, पुन्हा हिशेब केला. तफावत बरीच घटली पण मिटली नाही, आणि उरलेली तफावत तिने अहवालात स्वतंत्र परिच्छेद करून जशीच्या तशी लिहिली.

चालू भट्टीतल्या नळीत आज किती हायड्रोजन आहे हे मात्र कोणत्याही मॉडेलने नुसते सांगून चालत नाही. भट्टी बंद असताना नळीच्या आतल्या अंगावरून मिलिग्रॅममध्ये मोजावी इतकी पातळ कीस खास हत्याराने खरवडून काढतात, ओरखड्याचे टोक तीक्ष्ण राहणार नाही अशा बेताने, कारण तीक्ष्ण टोक म्हणजे पुढच्या भेगेला आमंत्रण. त्या किसातला हायड्रोजन आणि ड्युटेरियम मोजून भाकिताशेजारी लिहितात. तो भाकितापेक्षा अधिक निघाला तर शोषणाचा दर सुधारून पुढच्या तपासणीची तारीख अलीकडे आणली जाते, आणि भट्टी थंड करताना दाब व तापमान कोणत्या क्रमाने उतरवायचे, कोणत्या अंशाखाली नळीवर किती ताण राहू द्यायचा, याचा तक्ता नव्याने मांडला जातो.